मराठवाड्यांतील जुनीं बोलकीं यंत्रें व त्यांच्या मूळ अवयवांची परीक्षा

पोथीची परीक्षा कशी करावी हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. कागद कोणता, शाई कोणती, मात्रा पडी आहे कीं उभी, पुष्पिका मूळ लेखकाच्या हातची आहे कीं मागाहून कोणी जोडलेली आहे, हें पाहिल्यावांचून कोणीहि जाणता संग्राहक पोथीचा काळ सांगत नाहीं. परंतु तोच संग्राहक एखादें जुनें बोलकें यंत्र घरांत आणतो तेव्हां झांकणावरील कुत्र्याचें चित्र पाहून त्याचें समाधान होतें, आणि विकणारा जें साल सांगेल तें तो चिठ्ठीवर लिहून ठेवतो. गेल्या कांहीं वर्षांत नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील जीं यंत्रें आमच्या पाहण्यांत आलीं, त्यांवरून या बाबतींत थोडें विस्तारानें लिहिणें आम्हांस अवश्य वाटलें.

हा विषय आतां केवळ हौसेचाहि राहिलेला नाहीं. इ. स. १९७२ च्या पुरावस्तूंविषयींच्या कायद्यानें शंभर वर्षांचें वय झालेल्या, ऐतिहासिक महत्त्व असलेल्या वस्तूस पुरावस्तु मानलें आहे. हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें पुरतात. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधींचीं सर्व कर्ण्याचीं यंत्रें वयापुरतीं तरी या मर्यादेंत आलीं. पण वय ठरवावयाचें तर तें कशाचें? पेटी १९१० ची, मोटर १९३५ ची आणि कर्णा परवांचा, अशा यंत्राचें साल कोणतें सांगावें? पोथींतील शेवटचें पान कोऱ्या कागदावर नव्यानें लिहून जोडलेलें असेल तर आपण संबंध पोथी नवी म्हणत नाहीं, आणि तें पान जुनें आहे असेंहि म्हणत नाहीं. तोच विवेक येथें हवा.

प्रथम नांवाचा घोंटाळा दूर करूं. आमच्याकडे चावी देऊन वाजणाऱ्या प्रत्येक यंत्रास ‘फोनो’ म्हणण्याची रूढि आहे. वस्तुतः फोनोग्राफ हें एडिसननें १८७७ सालीं काढलेल्या व पुढें मेणाच्या नळकांड्यावर चालणाऱ्या यंत्राचें नांव. सपाट तबकडीचा ग्रामोफोन हा बर्लिनरचा, १८८७ चा. पहिल्यांत ध्वनीची रेघ खोल-उथळ होत जाते व वाचणारा बिंदु वरखालीं हलतो. दुसऱ्यांत रेघ डावीउजवीकडे नागमोडी जाते. म्हणून एकाचा वाचक दुसऱ्यास लावतां येत नाहीं. एडिसनच्या यंत्रांतहि पोटभेद आहेत. दोन मिनिटांच्या नळकांड्यावर इंचास शंभर रेघा असत, त्यांस ‘सी’ अक्षराचा वाचक. १९०८ मध्यें चार मिनिटांचीं नळकांडीं निघालीं, त्यांवर इंचास दोनशें रेघा, व त्यांस ‘एच’ अक्षराचा वाचक. ‘सी’चा नीलमणी जाड असल्यानें तो चार मिनिटांच्या मेणावर ठेवला तर रेघा खरवडून निघतात. एडिसनच्या यंत्रावरील पट्टींत पेटंटांच्या तारखांची यादी असते. तिच्यांतील अखेरची तारीख पुष्पिकेप्रमाणें वापरावी, मात्र मर्यादा ओळखून: ती पट्टी त्या तारखेहून जुनी असूं शकत नाहीं एवढेंच ती सांगते, किती नवी आहे हें सांगत नाहीं. एडिसननें हा धंदा १९२९ च्या अखेरीस बंद केला. आपल्या देशांत कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत नळकांड्यांवर आवाज घेतले. पण आमच्या भागांत नळकांड्याचें यंत्र अगदींच विरळा, व येथून पुढील विवेचन मुख्यतः तबकडीच्या यंत्रांविषयीं आहे.

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेस्बर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आला. त्यानें घेतलेले आवाज जर्मनींतील हॅनोव्हरच्या कारखान्यांत तबकड्यांवर छापून परत येथें विकावयास आले. १९०८ मध्यें तबकड्यांचा कारखाना कलकत्त्यासच निघाला. यंत्रें मात्र बहुधा परदेशचीं, किंवा परदेशी अवयव आणून येथें जुळविलेलीं असत. तीं मराठवाड्यांत आलीं तीं दोन वाटांनीं. नांदेडास तीं मनमाडाहून निजामी राज्याच्या मीटरमापी लोहमार्गानें येत; लातुरास कुर्डुवाडी-बार्शीवरून अडीच फुटी बार्शी लाइटनें, जी लातूरपर्यंत १९११ मध्यें पोहोंचली. (लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें, स्वतंत्र जिल्हा १९८२ चा.) मुंबईहून निघालेली पेटी दोन्ही वाटांवर निदान एकदां तरी एका गाडींतून दुसऱ्या गाडींत टाकली जाई. कर्ण्यावरील पोंचे पाहतांना हें ध्यानांत असावें.

आणखी एक गोष्ट इंग्रजी मुलुखांतील संग्राहकाच्या लक्षांत येत नाहीं. निजामी हद्दींत शिरणाऱ्या मालावर करोडगिरी द्यावी लागे, आणि नाणें हाली होतें. हाली सात रुपये म्हणजे कलदार सहा, असा ढोबळ भाव. यंत्राच्या झांकणाच्या खिशांत एखादी जुनी पावती सांपडली तर रक्कम कोणत्या नाण्यांत लिहिली आहे तें आधीं पाहावें. हाली असेल तर खरेदी राज्याच्या आंतली. कलदार असेल तर यंत्र सोलापूर, पुणें किंवा मुंबईकडून आणलेलें असण्याचा संभव अधिक. अशी चार ओळींची पावती यंत्रावरील पितळी पट्टीहून अधिक बोलते. तरी आम्हीं पाहिलेल्यांपैकीं निम्म्या पेट्यांचे खिसे विकणारांनीं ‘साफ’ करून दिले होते!

आतां परीक्षा. पट्टी, चित्र, शिक्का हे बाह्य साक्षी होत, व त्यांचा क्रम शेवटचा असावा; कारण खोटें करणारा पहिला हात तेथेंच घालतो. आरंभ छिद्रांपासून करावा. मोटर ज्या फळीला टांगलेली असते ती काढून खालच्या अंगानें उजेडांत धरावी. मोटर मूळची असेल तर जितकीं मळसूत्रें तितकींच छिद्रें. मोटर बदलली असेल तर जुन्या छिद्रांच्या जागा उरतात. कोणी त्यांत मेण व लांकडाचा भुसा भरला असला तरी भोंवतालच्या लांकडाचा रंग त्याच्याशीं जमत नाहीं. त्याच फळीवर मूळ मोटरच्या बैठकीची छाया पडलेली असते, म्हणजे जेथें लोखंड टेकलेलें होतें तेथें लांकूड फिकें व तेल उडालेल्या जागीं काळें. नव्या मोटरचा पाय जुन्या छायेबाहेर पडला कीं निकाल लागला. अनाथ छिद्र हें आमच्या मतें सर्वांत प्रामाणिक साक्षीदार होय, कारण त्याला कोणी विकत घेत नाहीं.

त्यानंतर मळसूत्रें. इंग्लंडांत बनलेल्या लहान यंत्रभागांचे आटे बहुधा ब्रिटिश असोसिएशनच्या मापाचे, अमेरिकेंतील आटे इंचाच्या हिशेबाचे, व स्वित्झर्लंडांतील मिलिमीटरच्या मापाचे असतात. एका मापाचा खिळा दुसऱ्या मापाच्या छिद्रांत दोन वेढे जाऊन अडकतो. जोर करणारानें तो तसाच आंत दामटलेला असेल तर छिद्राच्या तोंडाशीं चुरा दिसतो. मळसूत्राच्या मस्तकावर अधिकाच्या चिन्हासारखी खांच असेल तर तो खिळा १९३६ च्या पूर्वींचा नव्हे. ती रीत त्याच सुमारास अमेरिकेंतील मोटारींच्या कारखान्यांतून पसरली. मुलाम्याचेंहि तसेंच. जुना मुलामा निकलचा, किंचित् पिवळसर झांक मारणारा. क्रोमचा निळसर चकचकीत मुलामा १९२५ च्या आसपास व्यापारांत आला. १९०८ च्या म्हणून सांगितलेल्या यंत्राचा बाहु क्रोमचा असेल तर बाहु तरी नवा किंवा साल तरी खोटें.

बाहूविषयीं बोलतां बोलतां हेंहि सांगितलें पाहिजे कीं, निमुळता पोकळ बाहु, ज्यास व्यापारी ‘टोनआर्म’ म्हणतात, तो १९०३ च्या सुमारास प्रचारांत आला. त्यापूर्वींच्या यंत्रांत साउंडबॉक्स थेट कर्ण्याच्या टोंकासच बसे, आणि तबकडी फिरतांना सारा कर्णा तिच्यावरून सरकत जाई. त्यामुळें ‘१९०० चें यंत्र’ म्हणून पुढें आलेल्या पेटीस निमुळता बाहु असेल तर पुढील भाषण ऐकण्याचें कारण राहत नाहीं.

साउंडबॉक्स हा यंत्राचा कंठ होय, व तोच सर्वांत अधिक वेळां बदलला जातो. ग्रामोफोन कंपनीच्या कर्ण्याच्या यंत्रांस अभ्रकाच्या पडद्याचा ‘एक्झिबिशन’ साउंडबॉक्स असे. तो शतकाच्या आरंभापासून १९२० च्या सुमारापर्यंत चालला. पुढें क्रमांकांचे साउंडबॉक्स आले. १९२५ पासून निघालेल्या १०१ क्रमांकाच्या हातपेटीस आरंभीं चार क्रमांकाचा, अभ्रकाचा. नंतर चुण्या पाडलेल्या ॲल्युमिनमच्या पडद्याचा. १९३१ मध्यें १०२ क्रमांकाची पेटी निघाली, व ती पाव शतकाहून अधिक काळ विकली गेली. मराठवाड्यांतील वाड्यांत व आडत दुकानांत आज जी सांपडते ती बहुधा हीच. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग मात्र वयानें फुगतात व तडकतात. धातूंत शिशाचा अंश राहिल्याचा तो परिणाम होय. त्यामुळें असा भाग अगदीं अखंड व टवटवीत दिसला तर आनंद मानण्यापूर्वीं भिंगानें पाहावा.

आतां ज्या यंत्रांचा सुळसुळाट झाला आहे त्यांविषयीं. मुंबईच्या जुन्या बाजारांतून, आणि आतां हैदराबादेहूनहि, चकचकीत पितळी कर्ण्याचीं यंत्रें येतात. चौकोनी किंवा अष्टकोनी नवी पेटी, तिच्या बाजूस पितळेचें उठावाचें कुत्र्याचें चित्र खिळ्यांनीं ठोकलेलें, कमळासारखा मोठा पातळ कर्णा, आणि आंत एखाद्या मोडलेल्या हातपेटींतून काढलेली मोटर. मोटर व साउंडबॉक्स यांत खरोखर जुने असतात, म्हणूनच सामान्य परीक्षक फसतो. पितळी कर्णे पूर्वीं नव्हतेच असें मात्र नाहीं. परंतु या कंपनीच्या यंत्रांचे कर्णे बहुधा काळ्या रोगणाच्या पत्र्याचे, तोंडाशीं पितळेचे, किंवा मागाहून रंगीत पाकळ्यांचे असत. आणि चित्र असे तें पाण्यानें उतरविलेलें, खिळ्यांनीं ठोकलेलें नव्हे. जुन्या कर्ण्याची कड तारेवर वळवून बंद केलेली असते. नव्याची नुसती दुमडलेली, कधीं बोट कापणारी. असें यंत्र दिवाणखान्याची शोभा म्हणून कोणास ठेवावयाचें असेल तर आमची हरकत नाहीं. पण त्यासाठीं एक चालती हातपेटी मोडली गेली, हें त्यानें समजून असावें.

दोन यंत्रांची हकीकत येथें दिली असतां वरील पद्धतीचा उपयोग कळेल.

पहिलें लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांतलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत वाड्याची एक भिंत पडली, तींतून हें बाहेर निघालें. ओकच्या लांकडाची पेटी, काळ्या पत्र्याचा चेपलेला कर्णा, निमुळता बाहु, एक्झिबिशन साउंडबॉक्स, पेटीवर इंग्रज कंपनीची पट्टी. एका जाणकारानें मालकांस सांगितलें कीं मोटरीचे आटे अमेरिकन आहेत, म्हणून मोटर परकी. ती काढून इंग्रजी मोटर बसवावी म्हणजे यंत्र ‘शुद्ध’ होईल. आम्हीं फळी उलटून पाहिली. अनाथ छिद्र एकहि नाहीं. बैठकीची छाया मोटरच्या पायाशीं तंतोतंत जुळते. मळसूत्रांच्या खांचा पूर्वीं कधीं उघडल्याच्या खुणा नाहींत. तर मग आटे अमेरिकन कां? याचें उत्तर कंपनीच्या इतिहासांत आहे. हेझचा कारखाना उभा राहण्यापूर्वीं ग्रामोफोन कंपनी आपल्या मोटरी अमेरिकेंतील कॅम्डेनहून एल्ड्रिज जॉन्सनच्या कारखान्यांतून आणवीत असे. म्हणजे ज्या खुणेवरून ती परकी ठरत होती तीच खूण तिच्या जुनेपणाची साक्ष देते. ‘कठीण पाठ ग्राह्य’ हा पाठचिकित्सेचा नियम यंत्रासहि लागतो, तो असा. ती मोटर निघाली असती तर यंत्रांतील सर्वांत मोलाचा भाग भंगारांत गेला असता.

याच यंत्राच्या साउंडबॉक्सांतील अभ्रक मात्र मूळचें नव्हतें. तें तपकिरी झांकीचें, जाड, आणि कडेस एका ओळींत बारीक खांचा असलेलें होतें. विजेच्या इस्त्रीच्या तारा ज्या अभ्रकाच्या पट्टीवर गुंडाळतात तिच्या त्या खांचा! कोणा कारागिरानें निकामी इस्त्रींतून गोल तुकडा कापून बसविला होता. अर्थात् ही दुरुस्ती इस्त्री गांवांत आल्यानंतरची.

दुसरें यंत्र नांदेड शहरांतलें, १०१ क्रमांकाची काळी हातपेटी. खिशांत कलदारांत लिहिलेली पावती होती. म्हणजे पेटी बहुधा बाहेरून आणलेली. साउंडबॉक्स स्विस बनावटीचा, मूळचा नव्हे. त्याच्या मागील रबराच्या कड्याऐवजीं सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून घातलेली. आमच्याकडील उन्हाळ्यांत मूळचें रबर दगडासारखें होतें, त्यास दुसरा उपाय नव्हता. पण खरें नवल कमानीच्या डब्यावर होतें. डब्याच्या बाहेरील अंगावर टोकदार हत्यारानें उर्दूंत कोरलेलें होतें: कमान दुरुस्त, खुर्दाद १३४४. हा फसली सन. हैदराबादचें फसली वर्ष ऑक्टोबरांत अजूर महिन्यापासून सुरू होई. डिसेंबरपर्यंत ५९० व जानेवारीपासून ५९१ मिळविले कीं इसवी सन येतो. खुर्दाद हा आठव्या जागेचा नव्हे, सातव्या जागेचा महिना. म्हणून ही दुरुस्ती १९३५ च्या उन्हाळ्यांतली. कमान टोंकाशीं तुटली असतां ती भट्टींत लाल करून, मऊ करून, नवें छिद्र पाडून पुन्हां खुंटीस अडकविण्याची रीत घड्याळजी व बाजे दुरुस्त करणारे वापरीत. अशी कमान थोडी आंखूड होते, म्हणून चावीचे वेढे कमी बसतात. या पेटीचें तसेंच आहे. मोठी तबकडी संपण्यापूर्वींच गाणें रेंगाळूं लागतें.

मालकांस आतां नवी कमान, इंग्लंडहून मूळ साउंडबॉक्स व नवें रबर आणून पेटी ‘कारखान्यांतून निघाली तशी’ करावयाची आहे. त्यांचें म्हणणें हलकें नाहीं. यंत्र बोलण्यासाठीं केलेलें आहे. अर्ध्यावर धापा टाकणारी पेटी ठेवून बालगंधर्वांची किंवा अब्दुल करीमखांची तबकडी ऐकावी कशी? शिवाय चुकीचा साउंडबॉक्स जड असेल तर तबकडीच्या रेघा झिजतात, आणि तबकडी पुन्हां मिळत नाहीं. हा दुसरा मुद्दा आम्हांस पूर्ण मान्य आहे.

तरी कारखान्यांतून निघाली तशी पेटी लाखांनीं निघाली. खुर्दाद १३४४ मध्यें नांदेडच्या कोणा अनाम कारागिरानें जिवंत केलेली पेटी एकच आहे. त्या पांच-सहा उर्दू अक्षरांखेरीज त्या धंद्याचा येथील दुसरा लेखी पुरावा आमच्या हातीं आलेला नाहीं. कारखान्याचे कॅटलॉग लंडनांत जतन झाले. व्हॉल्व्हच्या नळीचा तुकडा कोण जतन करणार? बाजारांतील पितळी कर्णा आणि हा तुकडा, दोन्ही ‘मूळचे नव्हेत’ या एकाच खान्यांत घालणें म्हणजे बनावट सनद आणि खऱ्या सनदेवरील नंतरच्या कारकुनाचा शेरा यांस एकच मानणें होय.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आवृत्तींत, जिच्या आदिपर्वाचा ग्रंथ डॉ. सुखटणकरांच्या संपादनाखालीं १९३३ मध्यें पुरा झाला, मूळ संहितेंतून गाळलेले श्लोक टाकून दिलेले नाहींत. ते तळटीपांत व परिशिष्टांत क्रमांक घालून ठेवले आहेत. नांदेडच्या मालकांस आम्हीं तोच मार्ग सुचविला. ऐकण्यासाठीं मूळ बनावटीचा साउंडबॉक्स व नवें रबर खुशाल आणावें; जुना साउंडबॉक्स नळीसकट कापडाच्या पुरचुंडींत बांधून, वर तारीख लिहून, पेटीबरोबरच ठेवावा. कमान बदलावयाची तर डबा न बदलतां, आणि त्यावरील अक्षरांस पॉलिशाचा हात न लावतां बदलावी. काढलेली कमानहि तारेनें बांधून ठेवावी. यंत्राच्या टिपणांत प्रत्येक अवयवापुढें तीनपैकीं एक शब्द असावा: कारखान्याचा, दुरुस्तीचा, किंवा बनावट. दुरुस्तीचा असेल तर कोणत्या सालाच्या सुमाराचा व कशावरून, हेंहि. साउंडबॉक्स व रबर यांविषयीं त्यांनीं होकार दिला आहे. कमानीविषयीं अद्याप विचार चालू आहे.

ज्या सभासदांच्या घरीं किंवा ओळखीच्या ठिकाणीं निजामी मुलुखांतून आलेलें यंत्र असेल त्यांनीं मोटरची फळी उलटून पाहावी, व डब्यावर, पेटीच्या तळाशीं किंवा फिरत्या थाळीच्या खालीं उर्दू, मोडी वा बालबोध लिपींत कांहीं कोरलेलें असल्यास त्याचा कागदावर ठसा घेऊन आमच्याकडे पाठवावा. फसली महिना अर्धवट उमटला असला तरी चालेल. कमानीचा डबा मात्र स्वतः उघडूं नये. आंत दाबलेली कमान सुटली तर हाताचीं बोटें सोलून निघतात. अक्षरें वाचण्यास डबा बाहेरून पुसणें पुरे, तेंहि कोरड्या फडक्यानें.